जमातीत उशिरा पोहोचलात तर? मशिदीत नव्याने जाणाऱ्यांसाठी

जवळपास दीड वर्ष मी मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज चुकीची पढत होतो. दुकान बंद करून मशिदीत पोहोचेपर्यंत एक-दोन रकाती (उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं असा एक फेरा म्हणजे रकात) निघून गेलेल्या असायच्या. मी शेवटच्या सफेत (रांगेत) उभा राहायचो, मिळेल तेवढी पढायचो आणि इमामसाबांनी सलाम फेरला, म्हणजे मान उजवी-डावीकडं वळवून नमाज संपवली, की मीही फेरून चपला शोधायला लागायचो. माझ्या हिशेबानं जमात (इमामामागची सामूहिक नमाज) मिळाली, काम झालं. एका संध्याकाळी मी उठायला लागलो तेव्हा शेजारच्या चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बेटा, तेरी दो रकात कहाँ गई?"

लाज वाटली. पण खरं सांगायचं तर मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आमच्या दादांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. मशिदीतला फलक, कपाटातली किताब, सगळं त्यांना वाचता यायचं. मी मराठी शाळेतला. घरात दखनी बोलतो, पण उर्दू अक्षर लागत नाही. मराठवाड्यात माझ्यासारखी पोरं ढिगानं आहेत. ईदला आणि जुम्याला (शुक्रवारी) बापासोबत गेलेली, शेजाऱ्याचं बघून रुकूत जाणारी (कमरेतून वाकणारी). आता रोज जायचं ठरवलंय आणि विचारायला संकोच वाटतो, अशांसाठी हे लिहितोय.

एक आधीच सांगतो. मी आलिम (धर्मशास्त्राचा जाणकार) नाही. खाली जे आहे ते हनफी पद्धतीचं (नमाजेच्या नियमांची एक परंपरा), कारण आपल्याकडच्या बहुतेक मशिदी हनफी आहेत. कोकणातले बरेच लोक शाफई आहेत, त्यांचे काही मसले (नियम) वेगळे. अडलं तर आपल्या इमामसाबांना विचारा.

सोबत काय लागतं

फार काही नाही:

- टोपी. नसेल तर दाराजवळ जाळीच्या टोप्या ठेवलेल्या असतात. उघड्या डोक्यानं नमाज होते, पण आपल्याकडं ते बेअदबीचं मानतात.
- हात-तोंड पुसायला रुमाल.
- चपलांसाठी कापडी पिशवी. जुम्याला तर हवीच.
- पाक (शुद्ध) कपडे. पुरुषाचं अंग बेंबीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत झाकलेलं हवं. आखूड टी-शर्ट सजद्यात (माथा जमिनीला टेकताना) वर सरकून कंबर उघडी पडते, हे आपल्याला दिसत नाही, मागच्या सफेला दिसतं.

शेतातून थेट येणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: कपड्याला माती आहे, चालेल का? चालेल. माती, चिखल, घाम यांनी कपडा नापाक होत नाही. शेण किंवा जनावराचं मूत लागलं असेल तर मात्र तेवढा भाग धुवा. मी गोठ्यात जायचा शर्ट वेगळाच ठेवलाय.

१. आधी फलक नीट वाचा

मशिदीत भिंतीवर पाच-सहा घड्याळं ओळीनं लावलेली असतात. पहिल्या दिवशी मी डावीकडून वाचायला सुरुवात केली आणि फजरची जमात कधी हे कळेचना. उर्दू उजवीकडून डावीकडं चालते, घड्याळंही त्याच क्रमानं लागतात. सगळ्यात उजवीकडं फजर (पहाट), मग जोहर (दुपार), असर (दुपार कलल्यावर), मगरिब, इशा (रात्र), आणि शेवटी जुमा. आकडे उर्दूत लिहिलेले असतील तर सात आणि आठ यांत घोळ होतो: सात म्हणजे वर तोंड उघडलेली खूण, आठ म्हणजे तीच उपडी.

फलकावर बहुतेक जमातीची वेळ असते, अजानची नाही. अजान आणि जमात यांच्यात पंधरा-वीस मिनिटं, कुठं अर्धा तास मिळतो. मगरिबला असं काही मिळत नाही. अजान संपली की दोन-चार मिनिटांत जमात उभी. मगरिबची वेळ सूर्यासोबत रोज सरकते: जूनमध्ये सातच्या पुढं, डिसेंबरात सहाच्या आतबाहेर. उन्हाळ्यातल्या वेळेवर हिवाळ्यात निघालात की जमात गेलीच म्हणून समजा.

२. वजू घरूनच करून निघा

वजू म्हणजे नमाजेआधीची हात-पाय-तोंड धुऊन करायची शुद्धी. त्याचे फर्ज (अनिवार्य गोष्टी) चार: चेहरा धुणं, कोपरांसह हात धुणं, डोक्याच्या किमान चौथ्या भागावर ओला हात फिरवणं म्हणजे मसह, आणि घोट्यांसह पाय धुणं. चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, तीन-तीनदा धुणं या सुन्नती (पैगंबरांच्या रीती) आहेत. घाईत लोकांच्या कोपराची मागची बाजू आणि टाच कोरडी राहते. तेवढं कोरडं राहिलं तरी वजू होत नाही, आणि वजू नाही तर नमाज नाही.

घरून करण्याचा फायदा म्हणजे वजूखान्यातल्या रांगेत जमातीची तकबीर ("अल्लाहु अकबर") सुटत नाही. मशिदीतच करायचा असेल तर नळाची धार बारीक ठेवा. रसूलुल्लाह ﷺ एक मुद पाण्यात, म्हणजे लिटरभराच्या आतबाहेर, वजू करायचे. वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी वाया घालवू नका, असंही हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) येतं. आपल्याला तर वेगळं सांगायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तरी वजूखान्यात नळ सोडून गप्पा मारणारे आहेतच.

जुन्या मशिदींत हौद असतो. त्यात इतके लोक हात घालतात, पाणी पाक कसं, असं मला वाटायचं. दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौद हनफी हिशेबात वाहत्या पाण्यासारखा धरतात. रंग, वास किंवा चव नापाकीनं बदलली नाही तोवर तो पाक.

आणि हो, जेवणाचं बघा. दुपारी भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खाऊन थेट असरला जाऊ नका. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी स्पष्ट हदीस आहे. शिजवलेल्याला हरकत नाही. तंबाखू-गुटख्याच्या वासालाही हेच लागू. शेजाऱ्यानं श्वास रोखून सजदा करावा, ही काय रीत झाली?

३. आत शिरताना

उजवा पाय आधी आत, बाहेर येताना डावा आधी. आत जाताना "अल्लाहुम्मफ्तह ली अबवाब रहमतिक", निघताना "अल्लाहुम्म इन्नी असअलुक मिन फज्लिक". मोबाईल सायलेंट दाराशीच करा. विसरलात आणि नमाजेत वाजला तर एका हातानं खिशातल्या खिशात बंद करा, तेवढ्यानं नमाज तुटत नाही. काढून, नाव वाचून, दोन्ही हातांनी खटपट केलीत तर तुटते. आमच्याकडं एकदा इशाच्या शेवटच्या रकातीत वरातीचं गाणं वाजलं. ते भाऊ नमाज तुटेल या भीतीनं हात लावेनात, आणि गाणं पूर्ण झालं.

जमातीला वेळ असेल तर फर्ज नमाजेआधीच्या सुन्नत रकाती पढा: फजरला दोन आणि जोहरला चार, या पक्क्या (मुअक्कदा). असर आणि इशाच्या आधीच्या चार पढल्या तर सवाब (पुण्य), राहिल्या तर गुन्हा नाही. एकटा कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या अगदी पुढून जाऊ नका, यावर कडक ताकीद आहे. थांबा किंवा मागून फिरून जा.

जोहरच्या चार सुन्नती पढताना मध्येच तकबीर (इकामत, जमात उभी राहत असल्याची पुकार) सुरू झाली तर? दोनवर सलाम फेरा आणि जमातीत मिळा, त्या चार फर्जनंतर पढा. फजरचा मसला वेगळा. तिथं जमात उभी असली तरी दोन सुन्नती सफेपासून लांब, खांबाआड किंवा ओसरीत पढता येतात, जमात हाती लागण्याची खात्री असेल तरच. सफेच्या लगत उभं राहून पढू नका.

४. सफेत कुठं उभं राहायचं

सफ इमामाच्या बरोबर मागून सुरू होते आणि दोन्ही बाजूंनी भरत जाते. पुढची भरल्याशिवाय मागची धरू नका. पंख्याखालची जागा बघून कोपऱ्यात एकट्यानं उभं राहणं ही एप्रिल-मे मधली आपली खास खोड. खांद्याला खांदा लावा, टाचा एका रेषेत. सतरंजीवरच्या रेषेवर बोटं नाही, टाचा ठेवतात. माणसांचे पंजे लहान-मोठे असतात, बोटं जुळवली तर सफ वाकडी होते.

इमामाशिवाय एकच माणूस असेल तर तो इमामाच्या उजव्या हाताला उभा राहतो. दुसरा आला की दोघं मागं. पोरं मोठ्यांच्या मागच्या सफेत.

५. पहिली तकबीर

नियत मनात केली की झालं: "या इमामाच्या मागं असरची फर्ज नमाज पढतोय." लांबलचक अरबी वाक्य पाठ नाही म्हणून कित्येक पोरं दारातच अडखळतात. त्याची गरज नाही.

यानंतर हात कानांपर्यंत उचलून "अल्लाहु अकबर" म्हणायचं, आणि ते उभं असताना. इथं मोठी चूक होते. इमाम रुकूत असतो, रकात सुटेल म्हणून माणूस धावत येतो आणि वाकता-वाकताच तकबीर म्हणतो. ही तहरीमा आहे, नमाजेत शिरण्याचं दार. वाकलेल्या अवस्थेत म्हटली तर नमाज सुरूच होत नाही. सरळ उभं राहून एकदा म्हणा, मग रुकूत जा. मधल्या तकबीरीला वेळ नसेल तर ती सुटली तरी चालते.

आणि धावू नका. नमाजेला शांतपणे या, जेवढी मिळेल तेवढी पढा, जी सुटली ती पूर्ण करा, असं हदीसमध्ये आहे. लाकडी जिन्यावरून धाडधाड येणाऱ्या एका माणसामुळं पन्नास जणांचं लक्ष उडतं.

६. इमामाच्या मागं

इमाम रुकूत गेल्यावर आपण जायचं, तो उठल्यावर उठायचं. त्याच्या आधी डोकं उचलणाऱ्यासाठी हदीसमध्ये सक्त धमकी आलीय. हनफी पद्धतीत इमामाच्या मागं अल्हम्दु (सूरह फातिहा) आणि पुढची सूरह आपण पढत नाही, मोठ्यानं किराअत (कुराणपठण) असो की मनातल्या मनात. बाकी सगळं पढायचं: सना (सुरुवातीची स्तुती), रुकू-सजद्याच्या तस्बीह (जप), अत्तहिय्यात (बसल्यावर पढायचं), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), दुआ. इमाम "समिअल्लाहु लिमन हमिदह" म्हणतो तेव्हा आपण फक्त "रब्बना लकल हम्द".

इमाम चुकून बसायचा तिथं उठू लागला तर "सुब्हानल्लाह" म्हणून इशारा द्यायचा. नवख्यांनी ही घाई करू नये, असं माझं मत. पुढच्या सफेतले जाणते असतात.

७. उशिरा पोहोचलात तर

आता चाचांच्या प्रश्नाकडं येतो. उशिरा येऊन ज्याच्या काही रकाती सुटल्या त्याला मसबूक म्हणतात. त्यांनी मला त्या दिवशी सतरंजीवर बोटानं रेघा ओढून हे समजावलं, तसंच सांगतो.

इमाम ज्या अवस्थेत असेल त्यात जाऊन मिळा. सजद्यात असेल तर तकबीर म्हणून सजद्यात, बसला असेल तर बसा. पुढची रकात सुरू होईपर्यंत हात बांधून वाट बघत उभे राहू नका, आणि इमाम मोठ्यानं पढत असेल तर सना राहू द्या, ऐका.

रकात मिळाली की नाही, हे रुकूवर ठरतं. तुम्ही रुकूत पोहोचलात आणि इमाम क्षणभर का होईना अजून रुकूत होता, तर ती रकात मिळाली. तुम्ही वाकायच्या आत त्याची पाठ सरळ झाली तर गेली. सजदे त्याच्यासोबत करायचेच, पण ती रकात मोजायची नाही.

शेवटच्या बैठकीत अत्तहिय्यात सावकाश पढत बसा, म्हणजे इमामाच्या सलामापर्यंत पुरते. इमामानं उजवीकडं सलाम फेरला की लगेच उठू नका. तो सजदा-ए-सहूचा (चूक भरून काढायच्या जादा सजद्यांचा) सलाम असू शकतो. तसं असेल तर सलाम न फेरता फक्त सजदे त्याच्यासोबत करा. डावीकडचा सलामही झाला, की तकबीर म्हणून उभे राहा आणि राहिलेलं पूर्ण करा.

हिशेब असा: पढण्याच्या बाबतीत तुम्ही आता सुटलेल्या पहिल्या रकातींपासून सुरू करताय, म्हणून आधी सना, मग अल्हम्दु आणि सूरह. बसण्याच्या बाबतीत मात्र इमामासोबत मिळालेली रकातही मोजायची.

एक रकात सुटली (कोणतीही नमाज): उठा, अल्हम्दु आणि सूरह पढून ती पुरी करा, बसा, सलाम.

चार रकातींच्या नमाजेत दोन सुटल्या: उठून दोन्ही रकातींत अल्हम्दु आणि सूरह, मग बसून सलाम.

चारपैकी तीन सुटल्या, फक्त चौथी मिळाली: उठा, एक रकात अल्हम्दु-सूरहसह पढा आणि बसा, कारण मिळालेली एक धरून दोन झाल्या. अत्तहिय्यात पढून उठा, दुसरी रकात अल्हम्दु-सूरहसह, बसू नका, तिसरी फक्त अल्हम्दुसह, मग शेवटची बैठक.

मगरिबची फक्त तिसरी मिळाली, म्हणजे माझी नेहमीची गत: उठा, एक रकात अल्हम्दु-सूरहसह, बसून अत्तहिय्यात. पुन्हा उठा, आणखी एक अल्हम्दु-सूरहसह, शेवटची बैठक, सलाम. इमामासोबतची धरून तीन बैठका होतात. काहीतरी जास्त झालं असं वाटतं, पण बरोबर असतं.

इमाम शेवटच्या बैठकीत असताना पोहोचलात तरी मिळा. रकात एकही मिळाली नाही, सगळी नमाज उठून पढायची, पण जमातीच्या सवाबाची उमेद राहते. एकट्याच्या नमाजेपेक्षा जमातीची नमाज २७ पटींनी अफजल (श्रेष्ठ), अशी इब्ने उमर यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. दारातून माघारी फिरणारे ती सोडून जातात.

आणि माझ्यासारखा चुकून इमामासोबत सलाम फेरलात तर? बोलला नसाल, छाती किब्ल्यापासून (काबेच्या दिशेपासून) वळली नसेल, तर तिथूनच उठून उरलेल्या रकाती पढा. आपला सलाम सहसा इमामाच्या मागूनच पडतो, म्हणून शेवटी सजदा-ए-सहू करा. बोललात किंवा उठून निघालात तर ती फर्ज नमाज पुन्हा पढायची. माझ्या दीड वर्षाच्या मगरिबा मी अशाच अंदाजानं मोजून कजा (राहिलेली नमाज नंतर भरून काढणं) पढतोय, रोज एक, अजून चालू आहे.

८. जुमा

जुम्याला जोहरच्या चार फर्जांऐवजी दोन. आधी उर्दूत बयान (प्रवचन) होतं, मग चार सुन्नती पढायला वेळ देतात, मग मिंबरसमोर (इमामाच्या व्यासपीठासमोर) दुसरी अजान आणि अरबीत खुतबा (जुम्याचं ठरलेलं प्रवचन). खुतब्यात बोलायचं नाही. शेजाऱ्याला "गप बस" म्हणणं हेही बोलणंच, असं हदीसमध्ये आहे. देणगीची पेटी फिरवणं, मोबाईल बघणं, लोकांच्या माना ओलांडत पुढं घुसणं, सगळं टाळा. उशीर झाला तर जिथं जागा मिळेल तिथं बसा. सलामाच्या आधी जमातीत मिळालात तर हनफी मतानं दोन रकातीच पूर्ण करायच्या. पूर्ण सुटला तर मग जोहरच्या चार.

९. परगावी असताना

आपलं गाव सोडून साधारण ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब निघालात आणि तिथं १५ दिवसांपेक्षा कमी मुक्काम आहे, तर तुम्ही मुसाफिर. चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकातींच्या. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला रोज नोकरीला जाणारा मुसाफिर होत नाही, तेवढं अंतर भरत नाही. नांदेडहून आलेला होतो.

पण मुसाफिर असून स्थानिक इमामाच्या मागं उभे राहिलात तर पूर्ण चार पढायच्या. बसस्टँडजवळच्या मशिदीत लोक दोनवर सलाम फेरून गाडी पकडायला पळतात, त्यांची नमाज होत नाही. उलट इमाम मुसाफिर असेल तर तो दोनवर सलाम फेरतो, आणि गावातल्यांनी उठून आपल्या दोन पूर्ण करायच्या. लॉजवर किब्ला शोधताना: मराठवाड्यातून तो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं झुकलेला.

१०. दुसऱ्या मशिदीत गेल्यावर गोंधळू नका

काही मशिदींत तकबीर (इकामत) सुरू होताच लोक उभे राहतात. काही ठिकाणी सगळे बसून राहतात आणि "हय्य अलल फलाह" ला उठतात. मी अशा मशिदीत पहिल्यांदा गेलो तेव्हा एकटाच मध्ये खांबासारखा उभा होतो. कुठं जुम्यानंतर उभं राहून पैगंबरांवर सलाम पढतात. अहले हदीसच्या (हनफी पद्धत न पाळणाऱ्या एका पंथाच्या) मशिदीत मोठ्यानं आमीन म्हणतात, रुकूत जाता-येता हात उचलतात, आणि असरची जमात आपल्यापेक्षा बरीच आधी उरकते. ते सावली वस्तूएवढी झाली की असरची वेळ धरतात, हनफी दुप्पट झाल्यावर. मशिदीच्या अंगणात यावर वाद घालणारा एखादा भेटेलच. त्याला सलाम करून चपला घाला.

बहिणीनं विचारलं होतं, म्हणून बायकांचंही लिहितो. त्यांच्यावर जमात आणि जुमा लाजिम (बंधनकारक) नाही, हनफी मतानं घरची नमाज त्यांच्यासाठी अफजल. पण अल्लाहच्या बंदींना मशिदीपासून रोखू नका, अशीही हदीस आहे, आणि काही मशिदींत त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा नि वजूखाना असतो. जाण्याआधी विचारून घ्या, नाहीतर भर उन्हात दारातून परतावं लागतं.

आजारपण, आजाऱ्याची देखभाल, मुसळधार पाऊस, ही जमात सोडण्याची मान्य कारणं आहेत. जेवण वाढलंय आणि पोटात कावळे ओरडतायत, तर आधी जेवा. लघवी रोखून नमाजेला उभे राहू नका.

इमामसाबांना काही विचारायचं असेल तर असरनंतर गाठा. मगरिबपर्यंत ते बहुतेक तिथंच असतात, आणि मराठीत विचारलं तरी चालतं. आमचे इमामसाब बाहेरगावचे आहेत, पण बाजारात भाजीचा भाव मराठीतच पाडून घेतात.